चार औंस पीठ

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



पुणे, अहमदनगर, बेळगाव. ही तीन नावं आरंभीच घेतो. आजचं व्याख्यान इराकमधल्या, तैग्रिस नदीच्या काठावरच्या एका गावाबद्दल असलं, तरी त्यातली माणसं या तीन छावण्यांतून तिकडे गेलेली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या वेळी हिंदी फौजेत एक सहावी डिव्हिजन होती. तिला पुणे डिव्हिजन म्हणत. तिच्या पायदळाच्या ब्रिगेड तीन: सोळावी पुण्याची, सतरावी अहमदनगरची, अठरावी बेळगावची. आणि तिन्ही ब्रिगेडमध्ये एकेक मराठा पलटण होती. पुण्याच्या ब्रिगेडमध्ये ११७वी, नगरच्या ब्रिगेडमध्ये १०३वी, बेळगावच्या ब्रिगेडमध्ये ११०वी. फौजेच्या दप्तरी या पलटणींतल्या शिपायांची नोंद ‘कोकणी मराठा’, ‘दख्खनी मराठा’, ‘दख्खनी मुसलमान’ अशी होई. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, साताऱ्याच्या डोंगरकपारीचे, कोल्हापूरच्या पंचक्रोशीतले हे लोक. महिना अकरा रुपये पगार.

या डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ६ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणच्या आखाताच्या टोकाशी, फाव इथे उतरली. दीड वर्षाने, २९ एप्रिल १९१६ रोजी, ही अख्खी डिव्हिजन कुत-अल-अमारा नावाच्या गावात तुर्कांना शरण गेली. या दीड वर्षात तिने लढाया जिंकल्या, आणि पुष्कळ जिंकल्या. मग ती हरली कशाने?

आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शिपायाचं नशीब रणांगणावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त ते कोठारात आणि कचेरीत ठरतं. शिपाई काय खात होता, ते त्याच्यापर्यंत कोण पोचवत होतं आणि तो पडल्यावर त्याला कशात घालून नेलं, हे ज्या इतिहासात नाही, त्या इतिहासात शिपाईच नाही. तिथे फक्त सेनापती आहेत.

ही गोष्ट मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. पानिपत म्हटलं की आपल्याला १४ जानेवारी १७६१ हा एक दिवस आठवतो. पण त्याआधीचे अडीच महिने? नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर बसून होत्या. कुंजपुऱ्यात मिळालेला दाणागोटा संपत आला. दुआबातून रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि तो मार्ग बंद झाला. जनावरं मरू लागली. फौजेसोबत बुणगे होते, यात्रेकरू होते, बायकापोरं होती, त्यांचंही पोट होतं. शेवटी सरदार आणि शिपाई भाऊसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, इथे उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. त्या दिवशी रणात उतरलेली ती फौज उपाशी होती. आपण विश्वासराव पडल्याचा क्षण वर्षानुवर्षं सांगतो. त्या सकाळी फौजेच्या पोटात काय होतं, हे कितीदा सांगतो?

आणि त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीचं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेलं. त्यात तलवारीचा पराक्रम कुठेच नाही. विषय आहे दाणा, गवत आणि दिवा. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी दाणे ओरबाडायला जाल आणि कुणब्यांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. छत्रपतींनी उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं आणि दर वेळी त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो. फौज कशाने जगते आणि कशाने मरते, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

हे दोन प्रसंग मनात ठेवा आणि माझ्याबरोबर तैग्रिसवर चला.

ब्रिटिशांना मेसोपोटेमियात काय हवं होतं? आरंभी अबादानचं तेल आणि आखाताची सुरक्षितता. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आलं, तेव्हा ते काम बहुतेक झालं होतं. पण विजय मिळत गेले तसा हव्यास वाढला. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली. त्याच महिन्यात मेजर-जनरल चार्ल्स टाउनशेंड या डिव्हिजनचा प्रमुख झाला. त्या वर्षी नदीला पूर आला होता आणि कुर्नाच्या पुढचा सगळा मुलूख पाण्याखाली होता. मग शिपायांना बेल्लम नावाच्या अरुंद अरबी होड्या बांबूने ढकलत चालवायला शिकवलं. ३१ मे रोजी ही फौज होड्यांत बसून तुर्कांच्या ठाण्यांवर चालून गेली आणि तीन दिवसांत अमारा हाती आलं. त्यात नगरची ब्रिगेड होती, म्हणजे १०३वी मराठा होती. खाडीकाठी वाढलेल्या कोकणी पोरांना ही होडीतली लढाई बाकीच्यांइतकी परकी वाटली नसावी.

सप्टेंबरअखेर कुत घेतलं. आता बगदाद दिसू लागलं. दिल्ली-सिमल्याच्या कचेरीत, लंडनच्या कचेरीत, बसऱ्याला बसलेल्या मोहीमप्रमुख जनरल निक्सनच्या कचेरीत, सगळीकडे बगदाद दिसू लागलं.

इथे थोडं थांबू या आणि नकाशा बघू या. बसरा हे त्या वेळी धड बंदरही नव्हतं. मोठ्या जहाजांना लागायला धक्के नव्हते, माल होड्यांतून उतरवावा लागे. तिथून वर रेल्वे नव्हती. रस्ते नव्हते. होती ती एक वळणावळणाची नदी, आणि उन्हाळ्यात तिचं पाणी इतकं उतरे की बोटी गाळात रुतत. त्या नदीत चालतील अशा उथळ तळाच्या बोटी मोजक्याच होत्या. शिधा, दारूगोळा, जनावरांची चंदी, नव्या तुकड्या, जखमी, सगळ्यांसाठी त्याच बोटी. बोटी वाढवून मागितल्या, त्या वेळेवर आल्या नाहीत. रेल्वे टाकू या असं सुचवलं गेलं, तर खर्चाच्या कारणाने ते बाजूला पडलं. फौज शेकडो मैल पुढे गेली आणि तिचं पोट बसऱ्यातच राहिलं.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफॉनला लढाई झाली. बगदाद तिथून जेमतेम वीस-पंचवीस मैल. पुणे डिव्हिजनने तुर्कांची पहिली फळी घेतली, पण ती टिकवायला माणसं उरली नाहीत. साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. फौजेचा सुमारे तिसरा हिस्सा. वैद्यकीय तयारी होती काहीशे जखमींची. जखमी झाले साडेतीन हजारांच्या आसपास.

त्यांना नदीपर्यंत कसं नेलं असेल? खेचरांच्या दोनचाकी गाड्यांतून. लोखंडी गाड्या, स्प्रिंग नाहीत, गाद्या नाहीत. मांडीचं हाड मोडलेला शिपाई त्या गाडीत घालून खडबडीत वाळवंटातून मैलोन् मैल नेला. काही जण गाडीतून उतरले आणि हातांवर सरपटत निघाले, कारण सरपटणं त्या गाडीपेक्षा सुसह्य होतं. नदीवर त्यांना बोटींत आणि बोटींना जोडलेल्या पडावांत भरलं. वरून ऊन, थंडी, पाऊस. अतिसार झालेले, हलता न येणारे, एकमेकांना खेटून पडलेले लोक. काहींना बसऱ्याला पोचायला तेरा दिवस लागले.

बसऱ्याला इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला मेजर कार्टर नावाचा डॉक्टर होता. ‘मेजिदिये’ नावाची बोट धक्क्याकडे येताना त्याने पाहिली. बोटीच्या कडांवरून दोर लोंबत आहेत असं त्याला लांबून वाटलं. बोट जवळ आली तेव्हा कळलं की ते दोर नव्हते, माणसांची विष्ठा होती. त्याआधीच वाऱ्यावर दुर्गंध आला होता. आतल्या जखमींच्या पट्ट्या कित्येक दिवस बदललेल्या नव्हत्या. कार्टरने हे सगळं लिहून वर पाठवलं. त्यावर वरिष्ठांनी काय केलं? त्याला लुडबुड्या ठरवलं आणि अटकेची धमकी दिली. एका डॉक्टरने खरं लिहिलं म्हणून! मित्रहो, या माणसाचं नाव लक्षात ठेवण्याजोगं आहे. रॉबर्ट मार्कहम कार्टर. त्याने तो कागद मागे घेतला नाही.

टेसिफॉनहून माघारी फिरलेली फौज ३ डिसेंबरला कुतला पोचली. माणसं इतकी दमली होती की पुढे चालणं शक्य नव्हतं. टाउनशेंडने तिथेच पाय रोवायचं ठरवलं. तिन्ही बाजूंनी तैग्रिसचं वळण, चौथ्या बाजूला खंदक. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. आत सुमारे दहा हजार लढणारी माणसं, साडेतीन हजार बिनलढाऊ नोकरचाकर, म्हणजे भिस्ती, खेचरवाले, स्वयंपाकी, डोलीवाले, भंगी, आणि कुत गावचे सुमारे सहा हजार अरब रहिवासी. बायका, मुलं, म्हातारे.

नाताळच्या आदल्या दिवशी तुर्कांनी ईशान्येच्या मातीच्या गढीवर निकराचा हल्ला केला. भिंत फुटली. ऑक्सफर्डशायर पलटणीचे गोरे शिपाई आणि १०३वी मराठा त्या खिंडारात हातघाईने लढले आणि गढी राखली. त्यानंतर तुर्कांनी असा मोठा हल्ला पुन्हा केला नाही. त्यांना करायची गरजही नव्हती. भूक त्यांचं काम करणार होती.

आता मी या व्याख्यानातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या मुद्द्यावर येतो. तो आहे धान्याच्या मोजदादीचा.

वेढा पडल्यावर किल्लेदाराने पहिलं काम काय करावं? कोठार मोजावं. आपल्याकडची कुठलीही संसार करणारी बाई डब्यात हात घालून सांगते की पीठ किती दिवस पुरेल, आणि त्याप्रमाणे भाकरी थापते. कुतमध्ये हे झालं नाही. गावातल्या अरबांच्या घरोघरी जे धान्य पेवांत, कणग्यांत होतं, त्याची झडती आरंभी घेतलीच नाही. माणसांचा रतीब जवळजवळ पहिले दोन महिने पूर्ण चालू राहिला. आणि टाउनशेंडने बाहेर कळवलं की आपला शिधा थोडाच काळ पुरेल, तेव्हा लवकर या.

त्या संदेशाचा परिणाम काय झाला? सुटका करायला येणाऱ्या जनरल एल्मरला वाटलं, महिना उलटला तर कुत उपाशी मरेल. फ्रान्सच्या चिखलातून नुकत्याच आलेल्या मीरत आणि लाहोर डिव्हिजनच्या तुकड्या बसऱ्याला उतरतील तशा वर पाठवल्या गेल्या. कुणाच्या तोफा मागे, कुणाची इस्पितळं मागे, कुणाचे कंबलसुद्धा मागे. अशा अर्ध्यामुर्ध्या फौजेने जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी आणि हन्ना अशा तीन लढाया एकामागून एक दिल्या. २१ जानेवारीच्या हन्नाच्या लढाईत एका दिवसात सत्तावीसशे माणसं पडली. त्या रात्री पाऊस होता, गारठा होता आणि जखमी चिखलात पडून होते. त्यांना उचलायला पुरेशा डोल्याही नव्हत्या.

आणि मग, त्या पराभवानंतर, कुतमध्ये झडती झाली. घरोघरचं धान्य निघालं. टाउनशेंडने कळवलं की आपल्याकडे आणखी चौऱ्याऐंशी दिवस पुरेल इतका साठा आहे.

चौऱ्याऐंशी दिवस! हा हिशेब डिसेंबरात झाला असता, तर एल्मरला सगळी फौज जमवायला, तोफा आणायला दोन-अडीच महिने मिळाले असते. कुत नक्की सुटलं असतं असं मी म्हणत नाही. पण हन्नाच्या चिखलातली ती सत्तावीसशे माणसं एका न केलेल्या मोजदादीने पाडली, असं म्हणायला मी कचरणार नाही. त्यांच्यावर गोळ्या तुर्कांनी झाडल्या हे खरं. पण त्यांना तिथे, तेव्हा, तशा अवस्थेत कुणी पाठवलं? सुटकेच्या या प्रयत्नांत एप्रिलपर्यंत तेवीस हजारांच्या आसपास माणसं कामी आली किंवा जखमी झाली. आत अडकलेल्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट.

आता आतलं ऐका. या वेढ्यात शिपायांच्या शरीराचं काय झालं, हे वैद्यकाच्या इतिहासात आजही सांगितलं जातं. आतला मुख्य वैद्यकीय अधिकारी होता कर्नल पॅट्रिक हेहिर. त्याच्या नजरेला आलं की गोऱ्या शिपायांना बेरीबेरी होतो आहे. पाय सुजतात, हृदय खचतं. हिंदी शिपायांना तो होत नाही. आणि हिंदी शिपायांना स्कर्व्ही होतो आहे. हिरड्या सडतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. गोऱ्यांना तो जवळजवळ नाही. एकच वेढा, एकच नदीचं पाणी, एकच गोळाबारी, आणि दोन वेगळे रोग. कारण काय? गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात होते. धान्याच्या सालातलं जीवनसत्त्व त्यात उरत नाही. हिंदी शिपाई आटा खात होता, कोंड्यासकट. फेब्रुवारीत पांढरं पीठ संपलं, गोऱ्यांना आट्याचा पाव खावा लागला आणि त्यांची बेरीबेरी ओसरली. उलट गोरे घोड्याचं ताजं मांस खात होते, त्यातून त्यांना स्कर्व्हीपासून संरक्षण मिळालं. हिंदी शिपायाला ना भाजी, ना मांस. हजारावर हिंदी शिपाई स्कर्व्हीने आजारी पडले.

तर मग त्याने घोड्याचं मांस का खाल्लं नाही? हा प्रश्न इंग्रज ग्रंथकार बऱ्याचदा कपाळाला आठ्या घालून विचारतात. आपण तरी तो समजून घेऊ या. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची संमती तारेने मागवली गेली, ती आली. तरी बहुतेकांनी महिनोन् महिने मांसाला हात लावला नाही. त्यांना भीती होती ती गावाची. हे कुतमधलं खाणं उद्या गावात कळलं तर पंगतीत कोण बसवेल? मुलीला कोण करून घेईल? तार धर्मगुरूंची येते, भावकीची येत नाही. अकरा रुपयांची नोकरी करणारा माणूस युद्धानंतर ज्या गावात परत जाणार होता, तिथलं आपलं स्थान तो हाडाला चिकटलेल्या पोटाने राखत होता. त्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे. त्याच्या जागी उभं राहणं सोपं नाही. एप्रिलमध्ये टाउनशेंडने निर्वाणीचा इशारा दिला की जे खाणार नाहीत त्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढती मिळेल. तेव्हा हजारोंनी खायला सुरुवात केली. पण तोवर उशीर झाला होता.

शेवटचे दिवस. रतीब उतरत उतरत चार औंस पिठावर आला. चार औंस म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. त्यावर खंदकात उभं राहायचं, रात्री पहारा द्यायचा, नदीचं पाणी वाढलं की बांध घालायचा. माणसं रानातला पाला खुडून शिजवू लागली, आणि कुठला पाला विषारी हे ठाऊक नसल्याने त्यानेही काही दगावली. भुकेच्या कळा मारायला हिंदी शिपायांना अफूच्या गोळ्या दिल्या गेल्या. पहारेकरी उभ्याउभ्या कोसळत होते.

एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी पिठाची पोती टाकली. वेढलेल्या फौजेला हवेतून अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिला मोठा प्रयत्न. त्याआधी, गहू होता पण दळायला साधन नव्हतं, तेव्हा विमानांनी जात्याचे दगडही टाकले होते. कल्पना करा, आभाळातून जातं पडतंय! पण सगळ्या फेऱ्या मिळून सात-आठ टन धान्य आलं. काही पोती नदीत, काही तुर्कांच्या खंदकात पडली. एवढ्याने कुतचे तीन-चार दिवस निघाले. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन शिधा घेऊन अंधारात वर निघाली. तिच्यावरचे सगळे खलाशी स्वतःहून पुढे आलेले होते. वाटेत तुर्कांनी नदीत आडव्या बांधलेल्या तारेत ती अडकली आणि पकडली गेली. मग लाच. दहा लाख पौंड, नंतर वीस लाख पौंड देतो, फौज सोडा. तुर्कांनी नाकारली. बोलणी करणाऱ्या पथकात टी. ई. लॉरेन्स होता. त्या रकमेच्या एका तुकड्यात किती बोटी आल्या असत्या, किती मैल रूळ पडले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

२९ एप्रिलला कुत पडलं. जवळजवळ पाच महिन्यांनी. तेरा हजार माणसं कैदेत गेली. गावातल्या अरबांपैकी ज्यांनी इंग्रजांना मदत केली असा संशय होता, त्यांतल्या कित्येकांना तुर्कांनी फासावर चढवलं. त्यांना ना इंग्रजांनी विचारलं होतं, ना तुर्कांनी. युद्ध त्यांच्या घरात येऊन राहिलं होतं, एवढाच त्यांचा दोष.

टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिला. कैदेत असतानाच त्याला ‘सर’ किताब मिळाला. त्याचे शिपाई? शुमरानच्या तळावर त्यांना दगडासारखी टणक बिस्किटं दिली. इतके दिवस उपाशी असलेल्या आतड्यांना ती झेपली नाहीत, पहिल्या काही दिवसांतच शेकडो मेले. मग चाल. शुमरान ते बगदाद, समारा, मोसुल, आणि तिथून रास-अल-ऐन, मे-जूनच्या उन्हात, अनवाणी. जे मागे पडले ते मागेच राहिले. बहुतेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून जास्त कैदेत मेले. हिंदी शिपायांतले हजारो मेले. त्यांपैकी कित्येकांच्या नावापुढे ‘पत्ता नाही’ एवढीच नोंद झाली.

हे आपल्याला कोण सांगतं? एक बंगाली तरुण सांगतो. शिशिर सर्वाधिकारी हा बेंगॉल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमधून गेला होता, कुतच्या वेढ्यात होता, रास-अल-ऐनला कैदी होता. त्याने डायरी लिहिली, वाटेत तिची पानं फाडून बुटांत लपवली आणि पुढे १९५०च्या दशकात ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक काढलं. त्यात उपाशी कैदी आहेत, तुर्क पहारेकरी आहेत आणि त्याच वाटेवर कत्तल होत असलेले आर्मेनियन आहेत. कॅप्टन कल्याण मुखर्जी हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर रास-अल-ऐनलाच मार्च १९१७ मध्ये वारला. त्याची पत्रं त्याच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवींनी, १९२८ साली पुस्तकात छापली. ही दोन्ही पुस्तकं शिकलेल्या माणसांमुळे राहिली. मराठा पलटणींतला शिपाई बहुतेक निरक्षर होता. पत्र लिहायचं तर दुसऱ्याकडून लिहवून घ्यायचं, आलेलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. त्याचा आवाज दुसऱ्याच्या हातून जाई आणि वाटेतच विरून जाई.

तरी कुतची हकिगत पूर्ण दडपता आली नाही. कार्टरचा कागद, परतणाऱ्या जखमींच्या कहाण्या, लंडनच्या संसदेतले प्रश्न, यांतून मेसोपोटेमिया कमिशन नेमलं गेलं. १९१७च्या जूनमध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. जनरल निक्सन, सरसेनापती डफ, व्हाइसरॉय हार्डिंग, सगळ्यांवर ठपका होता. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी मॉण्टेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानात क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती आणण्याची घोषणा झाली. या घोषणेची कारणं पुष्कळ होती. टिळक आणि बेझंट यांची होमरूल चळवळ त्यांत फार मोठी. पण मंत्री बदलला तो मेसोपोटेमियामुळे. पाठ्यपुस्तकात ‘मॉण्टेग्यूची घोषणा’ हा दोन गुणांचा प्रश्न असतो. त्या उत्तरात कुतच्या शिपायाला एक ओळ मिळायला हवी.

आणि टिळकांचं पुढचं वर्ष बघा. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलावली. फौजेत माणसं द्या, हे आवाहन. टिळक उभे राहिले आणि सैन्यभरतीला हक्कांची जोड मागू लागले. त्यांना मध्येच थांबवण्यात आलं आणि ते सभेतून बाहेर पडले. माणसांच्या त्याच टंचाईने आणखी एक दार किलकिलं केलं. १८९०च्या दशकात महारांची फौजभरती बंद झाली होती. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली अर्ज केले, ते पडून राहिले. १९१७ साली माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडली. गरज होती तोवर शूर, गरज सरल्यावर अयोग्य. हा हिशेब बाबासाहेबांची पिढी विसरली नाही.

बगदाद शेवटी ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉडने घेतलं. कसं घेतलं? आधी कित्येक महिने तो जवळजवळ लढलाच नाही. बसऱ्याला धक्के बांधले, नदीत बोटी आणल्या, रूळ टाकले, इस्पितळं वाढवली, शिध्यात भाजी आणि फळं आणली. तीच नदी, तोच शत्रू, पुष्कळसे तेच शिपाई. जे १९१५ मध्ये परवडत नाही म्हणून नाकारलं, तेच १९१६ मध्ये केलं, आणि जमलं. मधल्या वर्षाची किंमत पुणे, नगर आणि बेळगावने दिली.

मित्रहो, १९२९ साली बसऱ्याला एक मोठं स्मारक उघडलं गेलं. ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या कोरली. अमुक पलटण, इतके इतर. ज्या संस्थेने हे केलं, तिच्याच समितीने २०२१ साली हा भेदभाव कबूल केला आणि संस्थेने माफी मागितली. आपल्याकडे सातारा-कोकणातल्या कित्येक गावांत संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. तिथेही आकडाच आहे. नाव नाही.

माफी इतरांनी मागितली. नावं आपण शोधायची आहेत, आणि तो शोध लंडनच्या दप्तरखान्यातूनच सुरू व्हायला हवा असं नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी, देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा जुन्या ट्रंकेत, पणजोबांचं एखादं पदक असेल. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मजूर तुकड्यांतल्या लोकांना तेच पदक ब्राँझमध्ये मिळे, ते चांदीचं नाही म्हणून टाकून देऊ नका. भिंग घेऊन ती कड वाचा, वहीत उतरवून घ्या. पेन्शनचा कागद असेल तर त्याचा फोटो काढा. आणि घरात ऐंशीच्या पुढची कुणी आजी असेल, तर तिला विचारा की आजेसासरे बसऱ्याबद्दल काय बोलत, घरी आल्यावर काय खात आणि कशाला हात लावत नसत, आणि त्यांचा कोण सोबती परत आला नाही. जे मिळेल ते या ग्रंथालयात आणून द्या. मी अध्यक्षांशी बोललो आहे. वाचनकक्षातलं एक कपाट त्यासाठी उद्यापासून मोकळं करून देण्याचं त्यांनी मान्य केलं आहे.